हील कुठंय?

लग्नानंतर पूनम सागर सोसायटीतल्या आमच्या घरात रविवारची दुपार ठरलेली असायची. जेवणं झाली की नवरा हॉलमध्ये लॅपटॉप उघडून, हेडफोन चढवून बसायचा. राक्षस, जादू, तलवारी असला तो ऑनलाइन खेळ. त्याला चौघांचा गट लागायचा. त्यांच्यातला एक जण नोकरीसाठी आखातात गेला, तेव्हा नवऱ्याने मला विचारलं. मला धनुष्यवाली व्हायचं होतं. तो म्हणाला की जागा फक्त हीलरची रिकामी आहे, आणि ते सोपं असतं, मागे उभं राहून बाकीच्यांच्या जखमा भरायच्या. माझं पात्रही त्यानेच तयार केलं. पांढरा झगा, अनवाणी पाय, कमरेपर्यंत मोकळे केस. त्याचा जुना लॅपटॉप माझ्याकडे आल्यावर मी आधी तिचे केस बांधले आणि पायात बूट घातले.

गटातला तिसरा नवऱ्याचा कॉलेजातला मित्र. जवळच हाटकेशला त्याचं बाटल्यांची झाकणं बनवायचं छोटं युनिट आहे. खेळात तो आगीचे गोळे फेकायचा, हिंदीत बोलायचा आणि मला भाभी म्हणायचा. चौथी डोंगरी गावची, शाळेच्या ऑफिसात काम करणारी, आमच्या सगळ्यांहून मोठी. तिला आम्ही ताई म्हणायचो. तिच्याकडे ढाल होती. सर्वांत पुढे उभं राहून राक्षसाचा मार अंगावर घ्यायचा, हे तिचं काम.

सोपं त्यात काहीच नव्हतं. माझी नजर सतत स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चार हिरव्या पट्ट्यांवर. एखाद्याची पट्टी उतरली की त्याच्यावर मंत्र टाकायचा. मंत्र टाकला की माझी निळी पट्टी उतरायची, आणि ती रिकामी झाली की सगळेच मेले. बाकीचे राक्षस कसला भारी दिसतोय यावर बोलत असायचे. मी तो कधी धड पाहिलेलाच नसायचा.

जिंकलो की कुणी किती वार केले याचा तक्ता यायचा, त्यात मी तळाला. कुणी मेलं की मात्र सगळ्यांना मी आठवायचे. "हील कुठंय?" नवरा ओरडायचा. मी आतल्या खोलीत, तो हॉलमध्ये, त्यामुळे त्याची ओरड आधी दाराच्या फटीतून यायची आणि मग माझ्या हेडफोनमधून. मित्र म्हणायचा, भाभी, हील दो ना. जसं काही मी मधेच उठून बाजारात गेलेय.

मग तो दगडी राक्षस आला. एका किल्ल्याच्या तळघरातला. तो हात उगारायच्या आधी जमिनीवर लाल वर्तुळ उमटायचं. त्यातून बाहेर पडलं तर काही होत नाही, आत राहिलं तर अर्धी पट्टी जाते. ताई आणि मित्र बाहेर पडायचे. नवरा पडायचा नाही. बाहेर पडलं की आपले वार थांबतात, असं त्याचं म्हणणं. माझी निळी पट्टी एकट्या त्याच्यावर संपायची, आणि कित्येक रविवार आम्ही तिथेच मरत राहिलो. मी त्याला खेळताना सांगितलं, जेवताना सांगितलं, भाजी आणायला जाताना जिन्यात सांगितलं. तो म्हणायचा, तू मंत्र जरा लवकर टाकत जा.

एका रविवारी मी खेळ सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की वर्तुळात उभ्या राहिलेल्याला आज हील मिळणार नाही. मित्र हसला. वर्तुळ उमटलं, तो आतच. मी "बाहेर ये" म्हटलं, परत म्हटलं. त्याची पट्टी उतरताना बघत मी बटणावरचं बोट उचलून धरलं. तो मेला. उरलेल्या तिघांनी राक्षस पाडला.

हेडफोनमध्ये मित्राचा आरडाओरडा चालू असताना नवरा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मुद्दाम मरू दिलंस मला."

"मी आधीच सांगितलं होतं."

"खेळ आहे तो. एवढं काय सिद्ध करायचं होतं?"

मी हेडफोन काढले आणि लॅपटॉप मिटला.

पुढच्या रविवारी तो म्हणाला की आज मी हीलर बनतो, तू घे तलवार. मला बरं वाटलं. आता तरी त्याला कळेल. आम्ही परत परत मेलो. त्याची निळी पट्टी दर वेळी अर्ध्यात संपत होती. शेवटी त्याने हेडफोन काढले आणि सांगितलं की नव्या अपडेटमध्ये हीलरला कमजोर करून टाकलंय. मित्राला ते लगेच पटलं.

मी खेळणं बंद केलं. महिन्याभराने ताईचा फोन आला, घरी ये म्हणून. बसने डोंगरीला गेले. तिने मला ओट्यावर बसवलं, पाव आणि कोळंबीचं कालवण वाढलं आणि म्हणाली, "त्यांना समजनार न्हाय. मी हाय ना पुढं. आपन दोघीच खेलू."

तेव्हापासून शनिवारी आम्ही दोघी खेळतो. वार करणारं कुणी नाही, त्यामुळे साधं रानडुक्कर पाडायलाही संध्याकाळ होते. पण मरत नाही.

रविवारच्या गटात त्यांनी बाहेरचे हीलर घेऊन पाहिले. एकही टिकला नाही. नवऱ्याने एक दिवस विचारलं, येतेस का परत? मी अट घातली की बाहेर म्हटलं की बाहेर यायचं. त्याने मान्य केलं. पहिल्या वर्तुळातून तो खरंच बाहेर आला. दुसऱ्यात थांबला.

"बाहेर ये," मी म्हटलं.

"एक मिनिट, एकच वार."

त्याची पट्टी उतरत होती. मी मंत्र टाकला. हेडफोनमध्ये ताईने सोडलेला सुस्कारा मला स्वच्छ ऐकू आला, आणि त्याने तेवढ्यात अजून एक वार केला.