मापावरून नट निवडणारे हमीदचाचा

बातमी आली तेव्हा मी पाचवीची हजेरी घेत होते. वर्गात मी फोन घेत नाही, पण शोभाताईचा फोन सकाळच्या वेळी कधीच येत नाही, म्हणून घेतला. "मास्तरीन, चाचा गेले," एवढंच ती म्हणाली. मी शिकवते ते देऊळगाव राजा आमच्या जिल्ह्याच्या एका टोकाला आणि आमचं गाव वरवट बकाल दुसऱ्या टोकाला. एसट्या बदलत पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही याचा राग अजून गेलेला नाही आणि तो कुणावर काढावा हेही कळत नाही.

हमीदचाचा आमच्या गावचे शिंपी. गावाला ते पायजमे आणि शाळेचे गणवेश शिवणारे म्हणून माहीत, आम्हा दहा-बारा जणांना मात्र दिग्दर्शक म्हणून. शिक्षण सातवी, पण नट पारखायची त्यांची रीत मी पुढे कुठल्याही शिबिरात पाहिली नाही. नाटकात काम मागायला कोणी आलं की ते संवाद म्हणायला सांगतच नसत. "पहिले माप दे," म्हणायचे. पुरुषांचं माप स्वतः घ्यायचे, बायकांचं चाची घ्यायची आणि चाचा मशीनवरून डोळे किलकिले करून पाहायचे. "टेप लागला का मानूस पोट आत घेते, छाती बाहेर काढते," ते म्हणायचे. "जो जसा हाय तसाच उभा राह्यते, तो आपला नट." मी हसायचे. नाटकाची निवड आणि सदऱ्याची शिलाई यांची अशी मोट बांधणारा माणूस मला त्या वयात अडाणीच वाटायचा.

बीटी कपाशीच्या पाकिटांसाठी कृषी केंद्रापुढे पहाटेपासून रांगा लागायच्या, ते दिवस. सुरुवातीला बोंडांनी झाडं वाकली, मग एका वर्षी पाऊस हुकला, एका वर्षी भाव, आणि पेपरात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आमच्याच भागातल्या गावांची नावं यायला लागली. पाठोपाठ टीव्हीच्या गाड्या आल्या. गेलेल्या माणसाच्या बायकोला ओट्यावर बसवायचे आणि ती रडेपर्यंत कॅमेरा हलवायचे नाहीत. चाचा हे एकदा शेजारच्या गावात पाहून आले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून नाटक सांगितलं. त्यात मरण दाखवायचं नव्हतं. फक्त दुसऱ्या दिवसाची सकाळ, एक घर, आणि खुंटीवरचा नवऱ्याचा सदरा काढून घडी घालणारी बायको.

ती बायको मलाच करायची होती. मी तेव्हा डीएड करत होते, वक्तृत्वाची बक्षिसं घरात मावत नव्हती आणि आपल्याशिवाय गावात दुसरं आहेच कोण, अशी माझी पक्की समजूत होती. मी माप द्यायला ताठ उभी राहिले आणि न सांगताच रडूनही दाखवलं. चाचीने पदराने डोळे पुसले. चाचा म्हणाले, "रडली तं झकास, मास्तरीनबाई. पन रडता रडता तीनदा माह्याकडं पाह्यलं, मी पाहून राह्यलो का नाही ते."

आणि काम दिलं कोणाला, तर शोभाताईला! ती शेजारच्या खेड्यातून आमच्याकडे कापूस वेचायला यायची. ती नाटकासाठी आलीच नव्हती, ब्लाउज शिवायला टाकायला आली होती. चाची माप घेत असताना ती उभी होती, पण तिथे नव्हतीच. टेप गळ्याशी आला तरी तिला पत्ता नाही. चाचांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, "हेच." मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. तालमीला मात्र रोज जायचे, तिचं कुठे चुकतं ते बघायला. ते मेलं कुठे चुकायचंच नाही. सदऱ्याची घडी घालताना तिचे हात असे चालायचे की आमचा दंगेखोर तबलजीसुद्धा गप्प बसायचा.

प्रयोग बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या पटांगणात होता. तालुक्याचे साहेब लोक पहिल्या रांगेत. नाटक आवडलं तर जिल्ह्याला नेऊ, असं त्यांनी कबूल केलेलं, आणि चाचांचं ते आयुष्यभराचं स्वप्न. शोभाताईने सदरा खुंटीवरून काढला, घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली... पुन्हा उलगडली. संवाद आलाच नाही. मी विंगेतून सांगतेय आणि तिला ऐकूच येत नाही. मला आधी, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. तेवढ्यात तिच्याबरोबर वेचणीला येणारी एक बाई मागून हळूच म्हणाली, "भावाचं आठोलं तिले." तिचं माहेर बीबी नावाच्या गावचं. भाऊ आदल्या हंगामात फवारणीचं औषध पिऊन गेला होता. तिच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे समजून चालले होते की चाचांनाही ठाऊक आहे, म्हणूनच तिला घेतलं. चाचांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

चाचा चपला न घालता स्टेजवर गेले, तिच्यासमोर बसले, हातातला सदरा काढून घेतला आणि तिला उठवून आत आणलं. लोकांना वाटलं, नाटकच आहे. पटांगणभर टाळ्या! चाचा परत बाहेर गेले आणि एरवी कुणाला 'बे' न म्हणणारा तो माणूस ओरडला, "टाया काऊन वाजवून राह्यले बे? खेळ बंद झाला." साहेब लोक उठून गेले. जिल्ह्याचं नाटक तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले. "मास्तरीनबाई, ते काम आता तू कर." मी विचारलं, रडताना मी तुमच्याकडे बघते म्हणाला होतात ना? "मी चुकलो," ते म्हणाले. "मी खरं शोधाले गेलो आन खरं दुखनं उचलून आनलं. नटाले आत जाता आलं पायजे, हाव. पन वापस घरी येता येते का नाही, ते मी पाह्यलंच नाही. तुले येते." ज्याची मी वर्षभर वाट पाहिली ते काम असं हाती आलं, आणि त्या क्षणी ते मला नको होतं. तरी केलं. खेडोपाडी पुष्कळ प्रयोग केले आणि चाचांकडे बघायची सवय हळूहळू सुटली.

त्यानंतर चाचांची रीत बदलली. माप घ्यायच्या आधी ते एक प्रश्न विचारायचे, "घरी सगळं बरं हाय ना?" उत्तर "नाही" असं आलं की काम नाही. "मंग पुढच्या नाटकात," म्हणायचे. एकाने नुसतं म्हैस आटली म्हणून सांगितलं, तर त्यालाही परत पाठवलं. आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली, पण त्यांनी नियम मोडला नाही. शोभाताईला त्यांनी मशीन शिकवलं. पुढे दुकान तीच सांभाळू लागली. मात्र एवढ्या वर्षांत नाटकाचं नाव त्यांनी तिच्यापाशी काढलं नाही. ते एक त्यांना फार सलत होतं, हे मला माहीत आहे.

ते गेल्यावर काही आठवड्यांनी आम्ही जुन्या मंडळींनी ठरवलं, त्यांच्या नावाने तेच नाटक पुन्हा करायचं. नट निवडायचं काम माझ्याकडे आलं. दुकानात सगळे जमलो. मी काही म्हणायच्या आत शोभाताई मशीनवरून उठली. "या बारीनं सदऱ्याचं काम मी करतो," म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी घाईघाईने टेप उचलला... आणि जीभ आपसूक वळली. "घरी सगळं बरं आहे ना?"

"नाही ना व," ती म्हणाली. "चाचा गेले." मग माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "तुह्या घरी हाय का बरं?"

मी टेप खाली ठेवला. तबलजीला विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली. चाची तर आतून बाहेरच आली नाही. चाचांच्या नियमात बसेल असा नट त्या दिवशी अख्ख्या वरवट बकालात एकही सापडला नाही.