परत येणारी यंत्रं

औषधांच्या त्या कंपनीत सगळे तिला बाटलीताई म्हणायचे. कंपनी म्हणजे औषधाच्या दुकानामागची एक खोली होती, तेव्हापासून ती तिथे कामाला. मालक स्वतः पातेल्यात खोकल्याचं औषध ढवळायचे आणि ही बाटल्या उकळून, पुसून, उजेडात धरून बघायची. तळाशी केसाएवढा कण दिसला तरी मालक अख्खी बाटली मोरीत ओतायचे. कुणाच्या तरी पोटात जाणार आहे, एवढंच म्हणायचे.

पुढे गोळ्या आल्या, सलाइन आलं, स्वतःची इमारत झाली. मग मालकांची मुलगी इंजिनियर होऊन आली आणि तिने हृदयाचा ठोका सांभाळणारं यंत्र काढलं. काडेपेटीहून लहान, छातीत कातडीखाली बसवायचं. ते धडाक्यात खपलं. बाटलीताईचा धाकटा भाऊ बस चालवायचा. त्याला चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीचं यंत्र सुचवलं होतं. हिनेच हट्ट धरून आपल्या कंपनीचं बसवायला लावलं. घरचंच आहे, डोळे झाकून घे, म्हणाली.

वयानुसार तिची नजर अधू झाली, तशी तिला तळघरात बसवलं. परत आलेली यंत्रं स्पिरिटने पुसायची आणि ट्रेमध्ये मांडायची. दुरुस्तीला आलीत, असं तिला सांगितलं होतं. सुरुवातीला क्वचित एखादं यायचं. मग ट्रे भरू लागले. वरचं कुणी खाली फिरकत नसे. मालकांची मुलगी समोरून आली तर मान वळवून निघून जायची.

एकदा खोकी आणणाऱ्या ड्रायव्हरला तिने सहज विचारलं, एवढी बिघडतात तरी कशी? तो दाराशी घुटमळला.

"ताई, मी ही शवागारातून आणतो," तो म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

हातातलं यंत्र पुसून लख्ख झालं होतं, तरी ती पुसतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या घरी गेली. ते आता थकले होते, बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. तिने एका दमात सगळं सांगितलं. भावाचंही सांगितलं.  मालकांनी सदऱ्याची वरची बटणं काढली. गळपट्टीच्या हाडाखाली कातडी चौकोनी उचलली गेली होती.

"पोरीने पहिलं मलाच बसवलं," ते म्हणाले. "कौतुकाने. कधी बंद पडेल ते तिलाही सांगता येत नाही."

"मग काढून टाका ना."

"काढतानाही माणसं गेली आहेत." त्यांनी बटणं लावली. "भावाला सांगू नकोस असं मी म्हणणार नाही. पण सांगितल्यावर तो झोपेल कसा, याचा विचार कर."

ती विचार करतच घरी आली आणि तरीही भावाला सांगितलं.  तो म्हणाला, गाडीत माणसं असतात. सकाळी डेपोत जाऊन त्याने बसची किल्ली परत केली.

तिने नोकरी सोडली आणि हॉस्पिटलच्या दारात बसू लागली. छातीच्या तपासणीला येणाऱ्यांना गाठून सांगायची. काहींनी ऐकलं, काहींनी वेड्यात काढलं. पहारेकऱ्याने हाकललं की समोरच्या फुटपाथवर बसायची.

मालक जेवता जेवता गेले. त्यानंतर कंपनीने ते यंत्र विकणं बंद केलं. का, ते कुणी सांगितलं नाही. पाटी बदलली, रंग दिला, आणि तिथे आता रक्तातली साखर मोजायची यंत्रं बनतात. मुलगीच सगळं बघते.

भाऊ अजून आहे. डॉक्टर म्हणतात, यंत्राला आता हात न लावलेलाच बरा. दोघं एकाच खोलीत बसतात. ती भाजी निवडते, तो पेपर मोठ्याने वाचतो. वाचता वाचता तो मध्येच थांबला की तिचे हात थांबतात.

"पान उलटतोय," तो म्हणतो.