उलट क्रमाने सोडवलेली फलने

धाकटी बहीण अकरावीला गणितात नापास झाली. फेरपरीक्षा तीन आठवड्यांवर होती. पास झाली तर बारावी, नाहीतर शाळा बंद, असं वडिलांनी जेवताना सांगितलं. आवाज चढवला नाही. आमचं गाव घनसावंगीपासून आत आहे. शिकवणीला जायचं तर दिवस जाण्यायेण्यात जातो. मी रजेवर घरी आलो होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. बारावीला मला गणितात चांगले गुण होते. त्याला नऊ वर्षं झाली होती.

फलनांची बेरीज आणि गुणाकार तिला लवकर जमला. x च्या जागी दिलेली संख्या घालायची, दोन्ही किमती काढायच्या, मिळवायच्या किंवा गुणायच्या. अडलं ते संयुक्त फलनापाशी. f आणि g, मध्ये छोटं वर्तुळ. मी रोजचं उदाहरण दिलं: गावातून घनसावंगीपर्यंत जीप, पुढे जालन्यापर्यंत एसटी. f जीप, g एसटी. जे आधी लिहिलंय त्यात आधी बसायचं.

ती पुस्तक घेऊन आली.

"दादा, यात तर g ची किंमत आधी काढलीय."

"पुस्तक ठेव बाजूला. एसटी आपल्या गावात येती का?"

"न्हाई."

"मंग?"

"बरं. नापास झाले तर तुझ्या जीपवर क्लीनर म्हणून घे मला."

रोजची गणितं तिने त्याच क्रमाने सोडवली. मी तपासली. पुस्तकाच्या मागची उत्तरं पाहिली नाहीत.

फेरपरीक्षेत पस्तीस हवे होते, बत्तीस मिळाले. शाळेत उत्तरपत्रिका पाहायला मी गेलो. प्रश्न असा होता: f(x) = x + 3, g(x) = x², तर (f ∘ g)(2) काढा. तिने दोनात तीन मिळवून पाचाचा वर्ग केला होता. पंचवीस. दोनाचा वर्ग आधी करून त्यात तीन मिळवायचे होते. सात. तिची बेरीज बरोबर होती, वर्ग बरोबर होता, अक्षर स्वच्छ होतं. चारपैकी शून्य.

"क्रम उलटा केलाय," सर म्हणाले. "शिकवलं कोणी हिला?"

मी उत्तरपत्रिका परत दिली.

घरी वडिलांनी तिला विचारलं, "काय चुकलं?"

"आतलं आधी काढायचं होतं," ती म्हणाली. "मला समजलं न्हाई."

मी समोर बसलो होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलंही. मी काही बोललो नाही. सोमवारी ते शाळेतून तिचा दाखला काढून घेऊन आले.