साडेनऊ ते साडेसहाची मीटिंग

"केळकर सर, तिच्या लॅपटॉपमध्ये नक्की काय चाललंय ते मला शुक्रवारपर्यंत हवंय," सौरभ फोनवर म्हणाला. "रिपेअर नंतर करा. आधी रिपोर्ट द्या."

सौरभ आमचा डिलिव्हरी मॅनेजर. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. अहो-जाहो करत हुकूम सोडायची कला त्याला उत्तम जमते.

मी नारायण पेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सिस्टम अ‍ॅडमिन आहे. म्हणजे लॅपटॉप बिघडले की दुरुस्त करणारा आणि न बिघडले तरी बोलणी खाणारा माणूस. सगळे घरून काम करायला लागल्यावर कंपनीने ऑफिसची बरीचशी जागा सोडून दिली. आता उरलीय ती माझी खोली आणि एक बोर्डरूम. यंत्रांजवळ कोणीतरी लागतं, म्हणून मी रोज येतो. सकाळी कुलूप मी काढतो, संध्याकाळी मीच लावतो. मधल्या वेळात माझ्याशी बोलतो तो बहुधा कुरिअरवाला, आणि तोही सहीपुरतं.

तक्रार रुचिताच्या लॅपटॉपची होती. रुचिता मूळची वणीची, यवतमाळ जिल्ह्यातली. चार वर्षांपासून आमच्याकडे टेस्टिंगचं काम करते, धायरीत एका खोलीत भाड्याने राहते. तिच्या लॅपटॉपची बॅटरी पन्नास मिनिटांत संपायची. एरवी चाललं असतं, पण दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. तीन गुरुवार लागोपाठ ती क्लायंटच्या कॉलमधून मधेच गायब झाली होती. क्लायंट भडकला, सौरभ भडकला.

"आणि अजून एक," सौरभ म्हणाला. "ती दिवसभर कॉलवर असते. नावापुढची टिकली सकाळपासून संध्याकाळपर्यंत लाल. आमच्यापैकी कोणी तिच्याशी नऊ तास बोलत नाही. मग कोण बोलतंय? मला वाटतं दुसरी नोकरी करतेय. पुरावा मिळाला तर एचआर लगेच काढेल."

म्हणजे प्रश्न बॅटरीचा राहिला नव्हता. पोरीच्या नोकरीचा होता, आणि तो माझ्या टेबलावर येऊन पडला होता.

खरं तर तो लॅपटॉप मी आधी एकदा तपासला होता. पहिल्या तक्रारीनंतर रुचिता बसने तो घेऊन आली होती. "सर, पंखा असा आवाज करून राहिला ना, की कॉलवर लोक विचारतात, मिक्सर चालू आहे का?" लॅपटॉपचा पंखा ओरडतो तेव्हा प्रोसेसर तापलेला असतो. प्रोसेसर तापतो तेव्हा त्याच्यावर कामाचा भार असतो, आणि भार असला की बॅटरी खाल्ली जाते. तेव्हा बघायचं एवढंच, की भार कशाचा. टास्क मॅनेजर नावाच्या खिडकीत कुठला प्रोग्रॅम किती खातो ते दिसतं. मी बघितलं. सहा टक्के. पंखा गप्प. बॅटरीची तब्येत ठणठणीत. डॉक्टरकडे गेलं की ताप उतरतो, तसला प्रकार. मी धूळ साफ केली आणि लॅपटॉप परत दिला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

मग दोनदा मी इथूनच तिच्या मशिनमध्ये डोकावलो. दोन्ही वेळा सगळं शांत. त्याचं कारण मला तीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी कळायला हवं होतं. पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर आवरतो. आयटीवाला मशिनमध्ये येणार म्हटलं की लोक उघडलेलं सगळं बंद करतात. आणि मी दर वेळी आधी फोन करून येत होतो.

या वेळी तिला सांगून एक छोटा प्रोग्रॅम टाकला. दर पाच मिनिटांनी कोण किती प्रोसेसर खातंय याची नोंद करणारा. "दोन दिवस असू दे," मी म्हणालो. "बरं सर," ती म्हणाली. आवाज जरा पडला होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गुरुवारी नोंद उघडली. सकाळी बरोबर साडेनऊला व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम सुरू. प्रोसेसर पंचाहत्तर टक्के. जेवणाच्या वेळेतही तेवढाच. संध्याकाळी साडेसहाला बंद. दोन्ही दिवस तेच.

सौरभचं म्हणणं खरं निघालं असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, वाईट वाटण्याआधी मला बरंच वाटलं. केस सुटली होती. चहा पिऊन मी रिपोर्ट लिहायला बसलो. 'कुठल्या मीटिंगमध्ये' हा रकाना भरायचा म्हणून सर्व्हरवर शोधलं, तर मीटिंग आमच्याच कंपनीची निघाली. नाव 'कट्टा'. रोज साडेनऊ ते साडेसहा. आमंत्रणात नऊ नावं. त्यातल्या आठांची खाती मीच एकेक करून बंद केली होती, त्यांनी कंपनी सोडली तेव्हा. नववं नाव रुचिताचं.

मीटिंगमध्ये रोज हजर एक व्यक्ती. नऊ तास.

मी फोन लावला. 'कट्टा' काय आहे, ते विचारलं.

"सर, लॉकडाऊनमध्ये आमच्या टीमने चालू केलं होतं ते," ती म्हणाली. "दिवसभर सगळे कॅमेरा लावून बसायचे. माइक बंद. आपापलं काम करायचं. कोणाला काही अडलं की माइक उघडून विचारायचं. कोणाची आई चहा आणून द्यायची, ते दिसायचं. मी तेव्हा नवीन होती. पुण्यात कोणी ओळखीचं नव्हतं."

"आणि मग?"

"मग एकेक गेले. कोणी बंगलोरला, कोणी दुसऱ्या कंपनीत. रूममेटचं लग्न झालं. मीटिंग कोणी बंद केलीच नाही, मग मी जॉइन होत राहिली. तसं काही नाही जी सर. फक्त साडेनऊ वाजले की कुठेतरी जाऊन बसल्यासारखं वाटते."

मी तांत्रिक प्रश्नावर गेलो. अवघड झालं की मी तांत्रिक प्रश्नावर जातो. "पण नुसत्या कॅमेऱ्याने इतका भार येत नाही. बॅकग्राउंड ब्लर लावता का?"

"हो सर. मागे दोरीवर कपडे असतात ना."

ब्लर म्हणजे आपल्या मागचं सगळं धूसर करणं. दिसायला साधं, पण त्यासाठी मशिनला सेकंदाला अनेक वेळा माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे शोधावं लागतं. तेच प्रोसेसर खात होतं.

"अहो, पण बघायला कोणीच नाही. मग ब्लर कशाला?"

"अन् कोणी आलंच अचानक, तर?"

बाहेर लक्ष्मी रोडकडे जाणाऱ्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. मी अर्धवट लिहिलेला रिपोर्ट खोडायला घेतला.

"सर, हे लिहू नका ना," ती म्हणाली. "व्हायरस होता म्हणा."

"व्हायरस म्हटलं तर वेगळी चौकशी लागेल. आणि काहीच लिहिलं नाही, तर तुम्ही दुसरी नोकरी करता असं सौरभ धरून चाललाय. नोकरी जाईल."

"मी? दुसरी नोकरी?" ती हसली. पहिल्यांदाच. मग म्हणाली, "लिहा सर. जे आहे ते लिहा."

मी शक्य तितकं रुक्ष लिहिलं. जुनी रोजची मीटिंग सुरू राहत होती, ब्लरमुळे प्रोसेसरवर भार, दुसऱ्या कामाचा कुठलाही पुरावा नाही. सौरभचा पाच मिनिटांत फोन आला.

"म्हणजे ती एकटीच बसायची? रोज?" त्याला हसू आलं, मग ते आवरलं. तसा माणूस वाईट नाही. "बिचारी. बरं, एचआरचं मी बघतो, नोकरीला काही होणार नाही. पण ती मीटिंग काढून टाका. ज्याने बनवली तोच कंपनीत नाही, उगाच चालू कशाला?"

काढायला दोन क्लिक लागतात. दुसऱ्या क्लिकला सिस्टिम विचारते, सर्व सदस्यांना कळवू का? मी सवयीने 'हो' दाबलं. 'कट्टा कायमचा रद्द करण्यात आला आहे' असा मेल सर्व सदस्यांना गेला. चालू खातं एकच होतं.

पुढच्या आठवड्यात रुचिता लॅपटॉप घेऊन ऑफिसात आली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना होता, आणि तो इथून काही केल्या बदलला जात नव्हता. ड्रायव्हर म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागाला कामाला जुंपणारा प्रोग्रॅम. तो धड नसला की चित्राचं सगळं काम बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. बोर्डरूममध्ये मोकळ्या खुर्च्यांत ती बसली. मी ड्रायव्हर बदलला आणि चाचणीसाठी माझ्या मशिनवरून एक मीटिंग उघडली. तिने कॅमेरा लावला, ब्लर लावला. तिच्या स्क्रीनवर एका चौकोनात ती, दुसऱ्यात माझं टक्कल.

"दोन चौकोन," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "खूप दिवसांनी दिसले."

मी टास्क मॅनेजर उघडला. अठरा टक्के. पंखा गप्प. पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. अठराच.

म्हणजे दोष ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हर बदलला असता तर काम झालं असतं. बॅटरी तीन-चार तास चालली असती, गुरुवारचे कॉल तुटले नसते, आणि मीटिंग चालू राहिली असती तर कोणाचंही काही बिघडलं नसतं. नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी शिकवतो, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग बघा. मी मात्र आधी मीटिंग उडवली होती, कारण तेवढं सोपं होतं.

हे मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे, पण सांगितलं. "नवीन मीटिंग बनवून देऊ का?" मी विचारलं. "त्याच नावाने. आता बॅटरीचा प्रश्न नाही. मीही इथे दिवसभर असतोच." शेवटचं वाक्य तोंडातून निघालं तेव्हा माझं मलाच आश्चर्य वाटलं. या ऑफिसात मी किती वर्षं एकटा बसतोय हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. घरीसुद्धा नाही.

तिने लॅपटॉप मिटला, चार्जरची वायर नीट गुंडाळली.

"नको सर," ती म्हणाली. "आधी कोणाला माहीत नव्हतं, म्हणून बसता यायचं."

तिच्या तक्रारीचं तिकीट सिस्टिममध्ये बंद झालं. 'समस्या सुटली का?' या प्रश्नाला तिने 'हो' म्हटलंय. गुरुवारी आता तिचा कॉल तुटत नाही, टिकली दिवसभर हिरवी असते, सौरभ खूश आहे. मी माझ्या कामात एक बदल केलाय. कुणाचा लॅपटॉप तापला की पहिल्यांदा ड्रायव्हर तपासतो. आणि कुणाचं काही बंद करण्याआधी ते कशासाठी चालू होतं, हे विचारतो, आणि रिपोर्टमध्ये लिहीत नाही.