चपला काढायची जागा

आमच्या गावच्या लढाईत किती माणसं पडली हे मला विचारू नका. तो आकडा मी दरवर्षी वाढवत आलो आहे. वणीच्या रस्त्याला, गावाबाहेर, तारेच्या कुंपणात रणभूमी आहे. शाळेच्या सहली आल्या की मला बोलावणं यायचं आणि मी सुटायचो. घोड्यांच्या टापांनी विहिरींचं पाणी काठाला आलं, तलवारींच्या ठिणग्यांनी पलीकडच्या डोंगरावरचं गवत पेटलं, आमचा पूर्वज तर मुंडकं उडाल्यावरही जेवणवेळेपर्यंत लढला. पोरं आ वासून ऐकायची. मास्तरही.

त्यात खरं एवढंच, की लढाई झाली होती. आणि कुंपण भलत्याच जागी होतं.

चूक गावाची. पडलेल्या माणसांचे वीरगळ, म्हणजे लढणारा माणूस कोरलेले दगड, पूर्वी ज्याच्या त्याच्या रानात उभे होते. माणूस पडला तिथंच दगड. पण ते औताला आडवे यायचे, शिवाय दिवाळीला तेल लावायला अख्खं शिवार पालथं घालावं लागायचं. म्हणून आमच्या आजोबांच्या पिढीने ते बैलगाड्यांत घातले आणि मारुतीमागच्या पडीक माळावर ओळीने उभे केले. सोय झाली. पुढे नव्वदनंतर कधीतरी पुरातत्त्व खात्याची माणसं आली, त्यांनी ओळ पाहिली आणि तिच्याभोवती कुंपण घातलं. गाव गप्प बसलं. पडीक माळ जातोय, आपलं काय जातंय?

आमच्या रानातला दगड गेला, जागा मात्र राहिली. बांधावरच्या बाभळीपासून जरा आत. तिथं नांगर आला की थांबायचं, पायातलं काढायचं आणि नांगराचं तेवढं तास, म्हणजे तेवढी रेघ, अनवाणी पुरं करायचं. आण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, दादाला आणि मला हे लहानपणीच लावून दिलं होतं.

"तो आपला कोण?" मी एकदा विचारलं.

"कोणाला ठाव? आपल्याकडचा होता का पलीकडचा, ते बी ठाव नाय."

"मग चपला कशाला काढायच्या?"

"मेला ना इथं?" आण्णा म्हणाले आणि बैलांना हाक दिली.

दोन हजारनंतर रस्ता रुंद झाला. आण्णा तोवर गेले होते. रस्त्याकडेच्या त्याच रानात मंगल कार्यालय बांधायचं दादाच्या मनाने घेतलं. कमान कशी असेल, हे तो जेवताना ताटात बोटाने काढून दाखवायचा. त्याच वर्षी, दगड मुळात रानारानांतले हे कळल्यावर, खात्याने कुंपण वाढवायचं ठरवलं. ज्या रानातून दगड उचलला ते रान राखायचं; शेती चालेल, बांधकाम नाही. दगड कुठून उचलला हे मात्र गावानेच सांगायचं.

"आपल्या रानात कधीच काय नव्हतं," दादाने मला बजावलं. "आणि तू बोललास तरी तुझं कोण खरं मानतंय?"

पाहणीला खात्याच्या मॅडम आल्या, मागे सगळं गाव. बांधावर उभा राहून मी सांगितलं, आमचा दगड इथला, बाभळीच्या आतला. जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता बोललो.

गाव खो खो हसलं.

"अरे, मुंडक्याचं राहिलं!"

"ठिणग्या तरी पाड दोन-चार!"

मॅडमनाही हसू आवरेना. दादा ट्रॅक्टरवर बसला होता. "मॅडम, रान हाय हे, नुसतं रान. बघा," म्हणत त्याने नांगर खाली सोडला आणि निघाला. माती उलटत गेली. मी त्याच्या पाठीकडे बघत होतो.

बाभळीच्या पुढे ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालूच होतं. दादा खाली वाकला. एक चप्पल काढली, दुसरी काढली, दोन्ही सीटखाली सारल्या. गिअर टाकून चार हात पुढे गेला आणि पुन्हा थांबला. या वेळी इंजिनही बंद केलं.

कोणी हसलं नाही. शेजारच्या रानाचे म्हातारे बाबा टोपी काढून हातात धरून उभे होते. तेच म्हणाले, "आमची जागा विहिरीच्या वरल्या अंगाला हाय, बाई."

दादा ढेकळांतून अनवाणी चालत आला. मॅडमना म्हणाला, "रस्त्यापासनं धरा कुंपण." मग माझ्याकडे न बघता, "हसू नको."

मी हसत नव्हतो. त्याची कमान मीही ताटात पाहिली होती.

पुढच्या पाडव्याला खात्याला विचारून आम्ही दोघांनी आमचा वीरगळ ट्रॉलीतून परत आणला आणि जागेवर उभा केला. सहली अजून येतात. माळावर मी पूर्वीसारखाच सुटतो, घोडे, ठिणग्या, सगळं. आमच्या रानात आलो की पोरांना चपला-बूट काढायला लावतो. एखादं पोर विचारतं, हा कोण होता? मी म्हणतो, ठाऊक नाही.

मास्तरांना वाटतं, मी काहीतरी लपवतोय.