फ्लेक्सवरचे शेजारी

आमच्या साहेबांचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा माढ्यात त्यांचा पुतळा जाळणाऱ्यांत माझा मामेभाऊ पुढं होता. तो विरोधी साहेबांचा कार्यकर्ता. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. माझे वडील गेले, तर मातीलाही आला नाही.

काल सात रस्ता चौकात फ्लेक्स बघून मी गाडीच थांबवली. दोन्ही साहेब एकमेकांना पेढा भरवत होते. मग घोटाळ्याचं काय झालं? खाली शुभेच्छुकांत माझा फोटो आणि शेजारी मामेभावाचा, दोघंही हसतमुख. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"दादा, आपलं भांडण आता नेमकं कशावरून हाय?"

"मलाबी कळंना," मी ओरडलो. "पण मातीला तू नव्हतास."