यमपुरीचा आवाज आणि आत्याबाईचं भात

नाव : श्रीमती सोनुबाई हिरू भोईर. वय : रेशनकार्डावर अठ्ठावन्न, आधारकार्डावर एकसष्ट, खुलासा मागवला असता "मधलं कायतरी धरा" असे उत्तर. राहणार : भिवपुरी स्टेशनातून उतरून डोंगराकडे तोंड केल्यास शेवटचे घर. शिक्षण : तिसरी पास, चौथीत काही दिवस उपस्थिती. व्यवसाय : शेती. पद : 'यमपुरी' या डेथ-थ्रॅश मेटल बँडच्या ध्वनिविषयक सल्लागार, मानद. नेमणुकीचा आदेश : नाही. कार्यक्षेत्र : डोंगरालगतचे तीन गुंठे. संगीताचे पूर्वज्ञान : निरंक.

थ्रॅश म्हणजे वेगाने झोडपणं आणि डेथ म्हणजे नरड्याच्या तळातून गुरगुरणं. यमपुरीत दोन्ही चालतं. सोनुबाईंचा मुलगा हर्षद खालापूरकडच्या एका कारखान्यात पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात त्या बँडमध्ये गातो. गातो हा शब्द सोयीसाठी. गिटारला शेलूचा ओमकार. नव्या टॉवरमध्ये आईवडिलांसोबत राहणारा, वाचन दांडगं, मतं त्याहून दांडगी. ड्रमला लोधिवलीचा गजा. लग्नसराईत तो हळदीच्या बँजो पार्टीत वाजवतो आणि जूनमध्ये मेटलकडे परततो, पण त्याचे हात ऑगस्टपर्यंत हळदीतच असतात. बास गिटार वाजवायला कोणी मिळालं नाही. ओमकार त्याला संकल्पना म्हणतो.

सराव आधी ओमकारच्या घरी व्हायचा. तिसऱ्याच रविवारी सोसायटीचं पत्र आलं : "आपल्या सदनिकेतून येणारा आवाज वैद्यकीय स्वरूपाचा आहे काय, याचा तातडीने खुलासा करावा." मग बिऱ्हाड सोनुबाईंच्या गोठ्यात हललं. बैल विकून पॉवर टिलर घेतल्यापासून गोठा रिकामाच होता, आणि गोठ्याच्या मागे ते तीन गुंठे होते.

या तीन गुंठ्यांचं असं आहे. भोईरांच्या बाकी शेतात सुधारित भात असतं, दसऱ्याच्या आसपास कापून मोकळं. या तुकड्यात मात्र सोनुबाई आपल्या सासूचं भात लावतात. बारीक, वासाचं. सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या, म्हणून ते आत्याबाईचं भात. दुसरं नाव त्याला कोणी ठेवलं नाही. घरातल्या बाळंतिणीला पेज याच भाताची. पण ते गरवं, म्हणजे सगळ्यांच्या मागून पिकणारं. आजूबाजूची शेतं कापून झाली की डोंगरातल्या रानडुकरांना उभं पीक उरतं ते एवढंच. गेल्या वर्षी त्यांनी ते लोंबीसकट तुडवलं. सोनुबाईंनी बांधाला जुन्या साड्या बांधल्या होत्या, न्हाव्याकडून केस आणून पसरले होते. डुकरांनी केसांवरून येऊन साडीखालून प्रवेश केला. झाडूनपुसून डबाभर बियाणं वाचलं. यंदा ते सगळं पेरलं होतं. हे गेलं तर आत्याबाईचं भात मागायला जावं असं दुसरं घर पंचक्रोशीत नव्हतं.

गणपती गेले, भातात दूध भरलं, आणि सोनुबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. सराव असतो त्या दिवशी डुकरं येत नाहीत.

"हर्षद, तुमचं ते रोज लावता येईल का रं?" त्यांनी विचारलं.

आईने आपलं गाणं मागितलं, ही हर्षदच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. तो जेवता जेवता उठला. गणेश मंडळाचा भोंगा आणला, पेन ड्राइव्हवर 'कवटीचा चुरा' हे गाणं भरलं, आणि वडिलांनी, म्हणजे हिरूंनी, मोटरपंपाचा टायमर जोडून दिला. दिवेलागणीला गाणं सुरू, पहाटे बंद. आवाज किती ठेवायचा हेही हिरूंनीच ठरवलं. हिरू कानाने मंद आहेत. त्यांना नीट ऐकू येईल इतका त्यांनी ठेवला.

'कवटीचा चुरा' आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी सकाळी सोनुबाई हर्षदला हाताला धरून बांधावर घेऊन गेल्या.

"ह्ये बघ. हितं उभी राह्यली. खूर खोल रुतलेत ना? म्हंजे घाबरली व्हती. मग हितं बसली. आणि हितनं खायला लागली."

"म्हणजे कुठल्या जागी कंटाळली?" ओमकारने विचारलं. त्याला बोलावलेलं नव्हतं, पण टीका कुठे चालली आहे याचा वास त्याला लागतो.

"आता तुमच्या कुठल्या कडव्याला काय हाय ते मला काय ठाव? सारखंच हाय ते. सुरवातीला दचकतं माणूस, मग म्हनतं चालूद्या."

ओमकारने हे वहीत लिहून घेतलं. दोन दिवस गोठा बंद करून तिघांनी नवं गाणं केलं. वेग निम्म्यावर आणला, गिटारच्या तारा सैल केल्या, आणि हर्षद इतक्या खालून गुरगुरला की हिरू म्हणाले, मोटर हवा धरतेय. या गाण्याचं नाव 'मढ्याची उचकी'. अकरा दिवस एक खूर बांधावर उमटला नाही.

गाणी इंटरनेटवर टाकायची ओमकारला सवय होती. पनवेलच्या एका जाणकाराने त्यावर लिहिलं की पहिल्या गाण्यातला कोवळा संताप दुसऱ्यात मृत्यूच्या शांत स्वीकारापर्यंत येऊन पोचतो आणि दहा दिवसांत एवढी प्रगल्भता थक्क करणारी आहे. ओमकारने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. सोनुबाई तांदूळ पाखडत होत्या. त्या म्हणाल्या, "त्याचं शेत कुठं हाय?"

बाराव्या दिवशी चिंधी आली. चिंधीचं शेत नाल्याच्या अलीकडे, एक बांध सोडून. पाऊस लांबल्याने यंदा खोऱ्यात सगळ्यांचीच कापणी मागे पडली होती.

"सोनु, तुझ्या पोराचं ते वरडणं दे गं मला दोन दिस."

"वरडणं नाय, गाणं म्हनतात त्याला."

"काय बी आसंल. परवा माझ्यात सात आलती. तुझ्यातनं हाकलली का माझ्यात येतात, बघ."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. राखणीची रीत आहे : शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, बसलेल्याने हाळी दिली की शेजारच्याने ती उचलायची आणि पुढच्याला द्यायची. हाळी कोणी स्वतःपाशी ठेवत नाही. त्या रीतीने 'मढ्याची उचकी' चिंधीकडे गेली, चिंधीकडून तिच्या दिराकडे, दिराकडून नाल्यापर्यंतच्या सगळ्या बांधांवर. आठवडाभरात सहा भोंगे तेच गाणं म्हणू लागले. यमपुरीला एवढे श्रोते कधीच मिळाले नव्हते. डुकरांना पळून जायला कोपरा उरला नाही, तेव्हा त्यांनी पळणं सोडलं. तोच आवाज उजवीकडे, तोच डावीकडे. त्यांच्या दृष्टीने तो आता वारा-पाण्यासारखा झाला. सोनुबाईंच्या तुकड्यात पाच ओळी गेल्या.

"नवीन काढा," सोनुबाई म्हणाल्या. "आणि झटक्यानं काढा. दाणा पिवळा पडाय लागलाय."

ओमकारने नवीन काढलं. चौदा मिनिटांचं होतं. पनवेलच्या जाणकाराची प्रगल्भता त्याच्या डोक्यात गेली होती. त्यात सुरवातीला बासरी होती, मधे पावसाचा आवाज होता, आणि हर्षदला पहिल्यांदाच सुरात गायला लावलं होतं. नाव होतं 'विराम'. गजा म्हणाला, "भारी हाय, पण मला वाजवायला कुठं ठेवलंय?" ओमकार म्हणाला की न वाजवणं हेच तुझं वाजवणं आहे. गजाने हे दोनदा मनात म्हणून पाहिलं आणि काड्या पिशवीत ठेवल्या.

'विराम' संध्याकाळी लागलं. सकाळी सोनुबाई शेतावरून आल्या त्या थेट गोठ्यात. रविवार होता, तिघे चहा पीत होते.

"झोपली रं ती!" त्या म्हणाल्या. "खाल्लं आणि तिथंच झोपली! चटई घातल्यागत भात लोळवलंय. बासरी कोणी वाजवली?"

तिघांनी एकाच वेळी कप तोंडाला लावले.

"अंगाई केलीत व्हय? डुकरांना?"

एक गुंठा गेला होता. दोन उरले होते, आणि कापणीला पंचवीस दिवस. सोनुबाई एवढं बोलून उंबऱ्यावर टेकल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या. त्यांना असं टेकलेलं हर्षदने फार वेळा पाहिलं नव्हतं. त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाला, चला, आत्ताच्या आत्ता नवं.

नवं झालं नाही. त्याऐवजी पुढचा पाऊण तास असा गेला :

"गजा, हा ताल डेथचा नाहीये. हा वरातीचा ताल आहे."

"वरातीत माणसं नाचतात तरी. तुझ्या गान्यात जनावरं झोपली."

"ते गाणं डुकरांसाठी नव्हतं!"

"मग कुनासाठी व्हतं रं? ऐकलं कुनी? डुकरांनीच ऐकलं ना?"

"तुम्ही दोघं गप बसा, माझा घसा..."

"तुला घसा हाय कुठं? बासरीवाल्याच्या पाठी गात व्हतास, गवळणीगत!"

"मी गवळण? ये, बाहेर ये तू!"

शेवटी हर्षदला दुसऱ्या पाळीला जायचं होतं. त्याने घाईत, काही न कापता, ती अख्खी फाइल पेन ड्राइव्हवर भरली आणि बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याच्या चिखलात खुरांची रांग होती. ती बांधाच्या दिशेने आली होती, बांधापासून वीस पावलांवर थांबली होती, आणि तिथून गर्रकन वळून, खूर फाकवून, धावत डोंगराकडे गेली होती. सोनुबाई तिच्या मागे अर्धा डोंगर चढून खात्री करून आल्या.

"ह्येच लाव," त्यांनी हर्षदला सांगितलं.

"आये, ते गाणं नाय. भांडण हाय."

"म्हनूनच. गान्याला काय भ्यायचं? माणसं हायत आणि पिसाळलीत, एवढं त्या जनावराला कळतं."

"पन आमचा आवाज..."

"हाच तुमचा आवाज. याच्या आधीचं सगळं मशीनचं वाटायचं."

हे मत पनवेलच्या जाणकारापेक्षा थोडक्यात होतं, आणि हर्षदला ते जास्त लागलं.

आता भांडणही शिळं होतं, हा अनुभव सोनुबाईंना संसारातून होता. दर दोन दिवसांनी ताजं हवं. म्हणून त्या सरावाच्या वेळी चहा घेऊन गोठ्यात येऊ लागल्या. कप ठेवता ठेवता म्हणायच्या, "गजा, ओमकार म्हनत व्हता, तुला चारपरेंतच मोजता येतं. मी म्हनलं, नाय रं, पाच बी येत आसंल." किंवा, "ओमकार, हळदीत वाजवायला तुझ्यासारखा नको म्हनला गजा. नवरी पळून जाईल म्हनला." एवढं करून त्या रेकॉर्डिंगचं बटण दाबून बाहेर जायच्या. बटण दाबायला त्या पहिल्याच दिवशी शिकल्या होत्या.

चौथ्या खेपेला ओमकारच्या लक्षात आलं.

"काकी, तुम्ही मुद्दाम लावून देता."

"मुद्दाम कशाला? तुमी तयारच आसता."

"मी बँड सोडतोय. खरंच सांगतो."

"सोड की," सोनुबाई म्हणाल्या. "कोण नको म्हनतंय? पन कापणी झाल्यावर. आणि का सोडतोस ते गजाला आत जाऊन सांग, मोठ्यानं."

त्याने सांगितलं. ते भांडण तीन रात्री पुरलं.

चिंधी पुन्हा आली. पेन ड्राइव्ह पुढे द्यायची रीत होतीच, पण सोनुबाई एकदा पोळल्या होत्या. तोच आवाज सहा बांधांवर गेला की काय होतं हे गेलेल्या पाच ओळींनी शिकवलं होतं. त्यांनी चिंधीच्या हातात रिकामा पेन ड्राइव्ह ठेवला.

"ह्यात काय हाय गं?" चिंधीने विचारलं.

"कायच नाय. तुझ्या घरचं भर ना. जावा दोघी हायत तुमी एका चुलीला."

"आमी काय भांडत नाय."

"तुझी जाऊ म्हनत व्हती, तुझ्या हातच्या भाकरीनं गवंडी भिंत बांधील."

चिंधी चप्पल न घालताच घरी गेली. दोन दिवसांत त्या खोऱ्यात प्रत्येक बांधावर वेगळं भांडण लागलं : कुठे जावाजावांचं, कुठे वाटणीचं, एका ठिकाणी नवरा-बायकोचं, ज्यात नवऱ्याचा आवाज नव्हता. डुकरांनी एका आठवड्यात तो पट्टा सोडला आणि नाल्यापलीकडच्या मुंबईकरांच्या फार्महाउसांवर गेली, जिथे हिरवळ मऊ होती आणि शनिवार-रविवार सोडून कोणी बोलत नव्हतं.

हिरवळ उकरल्याची तक्रार झाली. तक्रारीत म्हटलं होतं की समोरील शेतकरी वन्यप्राण्यांना हेतुपुरस्सर अपमानित करीत आहेत. कापणीच्या दिवशी वनरक्षक आला तेव्हा तिघे बँडवाले विळे घेऊन वाफ्यात वाकले होते, गजा पुढे, ओमकार सगळ्यात मागे, आणि सोनुबाई दोघांच्या मधून पेंढ्या उचलत होत्या. भोंगा बंद करायचा राहिला होता. वनरक्षकाने बांधावर बसून पंचवीस मिनिटं ऐकलं, मधे एकदा "बासरी कोणी वाजवली?" असंही विचारलं, मग कागद गुडघ्यावर घेऊन लिहिलं :

"सदर ठिकाणी फास, विद्युत तार अथवा हत्यार आढळून आले नाही. ध्वनिक्षेपकावरून तीन इसमांमधील वाद ऐकू आला. वादाचे कारण चौकशीअंतीही समजले नाही. सदर उपाययोजनेमुळे क्षेत्रातील पीक सर्व प्रकारच्या प्राण्यांपासून पूर्णतः सुरक्षित असल्याचे दिसून येते. सबब प्रकरण दप्तरी दाखल."

आत्याबाईचं भात बारा पायली झालं. त्यातलं दोन पायली कणगीत उंदरांनी खाल्लं.